सहा गुंठ्यांची टेकडी : नाशिकच्या पाच भागीदारांचा वाळूचा जमाखर्च

२०१८ च्या दिवाळीनंतर नाशिकमधील पाच जणांनी मिळून दापोली तालुक्यातील एका किनारी गावात दोन एकरांची वाडी विकत घेतली. पाचांपैकी दोघे पिंपळगावकडचे द्राक्ष बागायतदार भाऊ, एक डॉक्टर, एक बांधकाम साहित्याचे व्यापारी आणि एक निवृत्त शिक्षक. पाचांच्याही नावे जिल्ह्यात सातबारा असल्यामुळे शेतजमीन घेताना अडचण आली नाही. आठ खोल्यांचे पर्यटक निवास बांधायचे, वाडीतली नारळ-सुपारी राखायची आणि सुट्टीत नाशिक-मुंबईची कुटुंबे तेथे उतरवायची, असा बेत होता. पुढची तीन वर्षे मात्र भागीदारीतला प्रत्येक वाद फिरून एकाच जागी येऊन थांबत राहिला, आणि ती जागा म्हणजे वाडी आणि समुद्र यांच्यामध्ये उभी असलेली वाळूची टेकडी. हे प्रकरण तिचे आहे. गावाचे आणि माणसांचे नाव मुद्दाम गाळले आहे.

शिक्षक माझे शेजारी. कॉलनीत त्यांना सगळे नाना म्हणतात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, म्हणजे पाण्याचा अनुभव असलेला. पण तो सगळा नदीच्या पाण्याचा. नानांनी नकाशा पुढे ठेवला तेव्हा मी हे आधीच सांगून टाकले. बरोबर आलेले व्यापारी म्हणाले, "पाणी ते पाणी, काका." तसे ते नसते, हे पुढे त्यांनाही दिसले आणि मलाही बरेच नव्याने शिकावे लागले.

कोकणातल्या वाड्या असतात तशीच ही वाडी अरुंद आणि लांब आहे. समुद्राकडचे तोंड ३० मीटर आणि खोली सुमारे २७० मीटर. समुद्राकडच्या टोकाला २० मीटर रुंद पायाची आणि ४ मीटर उंचीची टेकडी, म्हणजे जवळजवळ ६ गुंठे जमीन तिच्याखाली. शालेय भूगोलात जिला वालुकागिरी म्हणतात ती हीच, फक्त वाळवंटातली नव्हे. समुद्राकडच्या उतारावर मर्यादवेल पसरलेली, माथ्यावर निगडी आणि केवडा, मागच्या बाजूला सुरूची काही झाडे. ही टेकडी या वाडीपुरती थांबत नाही. ती गावाच्या पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, धरून दोन्ही बाजूंच्या वाड्यांमधून पुढे जाते.

व्यापाऱ्यांचा प्रस्ताव सरळ होता. तीन दिवस जेसीबी लावायचा, टेकडी मीटरभर उंचीवर आणायची आणि निघालेली वाळू वाडीतल्या सखल भागात भरायची. आडाख्याने ही वाळू जवळजवळ २४० ब्रास भरत होती. त्यातली थोडी बांधकामालाही चालेल असे एकाने सुचवले. समुद्राच्या वाळूतले मीठ काँक्रीटमधले लोखंड खाते, त्यामुळे ती सूचना तेथेच संपली. पण मूळ मुद्दा खोटा नव्हता. "समुद्र दिसतच नसेल तर माणूस कोकणात येऊन करील काय?" असे ते विचारत, आणि समुद्र दिसणाऱ्या खोलीचे भाडे न दिसणाऱ्या खोलीपेक्षा जास्त असते हे कोणालाही नाकारता येत नव्हते. शिवाय वाडीतली सर्वांत महाग जमीन तीच, समुद्राला लागून असलेली.

वाळूची ठेव

टेकडीकडे भिंत म्हणून पाहिले की तिचे काम समजत नाही, कारण भिंतीने जागचे हलायचे नसते आणि टेकडीने तर हलायचेच असते. पावसाळ्यात उंच आणि जवळजवळ येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात. कोकणात दर जून ते सप्टेंबर पुळण खचते आणि दिवाळीनंतर हळूहळू भरून येते, हे किनाऱ्यावरचे पोरही सांगेल. वादळात हीच क्रिया काही तासांत आणि मोठ्या प्रमाणावर होते. वाढलेल्या पाण्यावर स्वार झालेल्या लाटा टेकडीच्या पायथ्याला लागतात, समुद्राकडचा उतार कापला जातो, उभा कडा तयार होतो, आणि सुटलेली वाळू थोड्या अंतरावर पाण्याखाली पसरून तेथे एक उंचवटा बनवते. पुढच्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात. म्हणजे टेकडी स्वतः झिजून समुद्राचा जोर किनाऱ्यापासून लांब खर्च करवते. वादळ सरल्यावर संथ लाटा ती वाळू परत पुळणीवर आणतात, सुकलेली वाळू वारा वर उडवतो आणि मर्यादवेल ती अडवून धरते. मर्यादवेल हे नाव ज्याने ठेवले त्याने हे काम पाहूनच ठेवले असावे. ही ठेव आहे. अडचणीच्या वेळी मोडायची आणि नंतर पुन्हा भरू द्यायची. जेसीबीने सपाट केली तर ती एकाच वेळी कायमची मोडते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि तिथेच या प्रकरणाची खरी गाठ आहे. टेकडीची रांग सलग असते तेव्हा पाणी तिच्यावरून जायला तिच्याइतके उंच व्हावे लागते. रांगेत एक खिंड पडली की पाणी तिथून घुसते, अरुंद जागेत त्याचा वेग वाढतो, वेगाने खिंडीच्या बाजू ढासळतात, खिंड रुंदावते आणि मग मागच्या सगळ्या सखल भागात पाणी पसरते. धरणाच्या मातीच्या बांधाला उंदराने पाडलेले बीळ आम्ही नोकरीत असताना का धुंडाळत असू, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे सांगायला नको. त्यामुळे ३० मीटर रुंदीची वाडी जेव्हा आपली टेकडी उतरवते तेव्हा ती आपल्यापुरता धोका पत्करत नाही; शेजारच्या दोन वाड्यांचा आणि त्यामागच्या घरांचाही धोका ती वाढवते.

तिसरे काम दिसत नाही म्हणून कोणी मोजत नाही. टेकडीवर पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो, कारण गोडे पाणी हलके असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी जितकी, त्याच्या सुमारे चाळीसपट जाडीचा थर सपाटीच्या खाली टिकू शकतो. अर्थात हे आदर्श परिस्थितीतले गणित आहे. टेकडी काढली की ही उंची घटते आणि खारे पाणी वर सरकते. शेजारच्या वाडीतल्या एका वृद्ध बागायतदारांनी नानांना हेच एका वाक्यात सांगितले होते : "गुरुजी, टेकडी आहे म्हणून विहीर गोडी आहे."

ती काय करत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. ती वारा थांबवत नाही. खाडीच्या बाजूने मागून येणारे पाणी ती अडवू शकत नाही. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी समुद्राला मिळण्याच्या वाटेत कधी कधी ती अडथळाच ठरते. टेकडीची बाजू घेणारे उत्साही लोक या तीन गोष्टी वगळतात, आणि मग एखाद्या वादळात छपरे उडाली की "कुठे गेली तुमची टेकडी?" असे ऐकून घेण्याची पाळी येते.

दुतोंड्याचे माप

२०१९ च्या उन्हाळ्यात भागीदारांची पहिली मोठी बैठक नाशिकला झाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी विचारले की असे वादळ येते तरी कितीदा. नाशिककराला हे समजावायला समुद्रावर जावे लागत नाही. गोदेला पूर आला की पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, गळ्याशी आले, अशा मापाने शहर पूर मोजते. १९६९ चा पूर पाहिलेली पिढी २००८ चा पूर येईपर्यंत 'तसा पूर आता येत नाही, वर गंगापूर धरण आहे' असे म्हणत होती. त्यानंतर निळ्या आणि लाल पूररेषांचा विषय घराघरात पोहोचला आणि रेषेच्या आत जमीन असलेल्यांची तक्रार आजही चालू आहे.

निळी रेषा ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या शब्दांनी माणूस फसतो. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी शंभरात चार अशी शक्यता. इमारतीचे आयुष्य ३० वर्षे धरले तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त निघते. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या घटनेसाठीही हाच हिशेब सुमारे २६ टक्के येतो. कर्ज फेडण्याच्या मुदतीत चारातली एक शक्यता कोणताही व्यापारी किरकोळ मानणार नाही. त्या गावाच्या समुद्राचा पूर नेमका कोणत्या वारंवारितेने येतो हे मी सांगू शकत नव्हतो, आणि तसे सांगितलेही. पण हा हिशेब ऐकून डॉक्टर टेकडीच्या बाजूला आले. बागायतदार भाऊ मात्र आधी कुंपणावर राहिले आणि मग व्यापाऱ्यांकडे झुकले. २०२० च्या एप्रिलमध्ये जेसीबी लावायचा असे तीन विरुद्ध दोन मतांनी ठरले. मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि जेसीबी आला नाही.

३ जून २०२०

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या नारळ-पोफळींची वाताहत झाली, दिवेआगरचे सुरूचे बन आडवे झाले. त्याच वादळाचा उरलेला पाऊस त्या संध्याकाळी आणि रात्री नाशिक जिल्ह्यावर कोसळला आणि भावांचा शेडमधला कांदा भिजला. एकाच वादळाने एकाच दिवशी दोन्हीकडे नुकसान केल्यामुळे असेल, पण त्यानंतरच्या बैठकांचा सूर बदललेला होता.

जूनच्या अखेरीस परवानगी काढून नाना आणि थोरले बागायतदार भाऊ तेथे जाऊन आले. त्यांच्या टिपणाप्रमाणे वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी मोडल्या होत्या, काही माड मुळासकट पडले होते आणि जुन्या घराची कौले उडाली होती. ही सगळी वाऱ्याची करणी; टेकडीचा येथे काही उपयोग झाला नव्हता. टेकडीवरची सुरूची झाडेही आडवी झाली होती आणि त्यांच्या उथळ मुळांबरोबर मागच्या उताराचा काही भाग उचकटला होता. समुद्राकडे मात्र पुरुषभर उंचीचा कडा पडून टेकडी उभी होती आणि तिच्यामागे वाडीत खारे पाणी आलेले नव्हते.

चार वाड्या सोडून पलीकडे परिस्थिती निराळी होती. तेथे काही वर्षांपूर्वी गाड्या थेट पुळणीवर नेता याव्यात म्हणून टेकडीतून सरळ वाट काढली होती. त्या वाटेने पाणी आत आले, वाडीच्या पुढच्या भागात गुडघाभर वाळू पसरली आणि विहीर खारी झाली. वाऱ्यातून वाचलेल्या पोफळी पुढच्या काही महिन्यांत पिवळ्या पडत गेल्या. माड खारेपण सोसतो, पोफळ तितके सोसत नाही. वाट ज्यांनी काढली होती त्यांच्या वाडीपेक्षा शेजारच्या वाडीचे नुकसान जास्त होते, कारण ती सखल होती. एका खिंडीवरून सगळ्या किनाऱ्याविषयी सिद्धान्त मांडता येत नाही, तेवढे भान ठेवूनच मी हे लिहितो. पण भावांना त्यासाठी दुसरा पुरावा लागला नाही.

कायदा, आणि तो शेवटी का

वाचक विचारतील की हे सगळे बोलण्याआधी कायदा का पाहिला नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या दोन्ही अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या अतिसंवेदनशील गटात, म्हणजे पहिल्या गटाच्या 'अ' भागात धरल्या आहेत आणि त्यांची छाटणी वा फेरफार करण्यास मनाई आहे. शिवाय २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ज्या ग्रामीण भागात २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा कमी आहे, तेथे भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकाम करता येत नाही. म्हणजे जेसीबीचा बेत पहिल्या दिवसापासून बेकायदा होता.

हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यावर "सगळेच करतात" हे उत्तर आले आणि विषय संपला. माझ्या खात्यातल्या अनुभवाप्रमाणे नुसता नियम दाखवला की माणूस पळवाट शोधू लागतो; नियमामागचे पाणी दाखवले तर निदान ऐकून घेतो. म्हणून कायदा बाजूला ठेवून आधी जमाखर्चच बोललो. ते बरोबर होते की नाही, याविषयी नानांचे मत माझ्याहून वेगळे आहे.

खर्च कोणाचा

व्यापारी शेवटपर्यंत एका मुद्द्यावर ठाम राहिले आणि तो मुद्दा मला आजही खोडता येत नाही. सहा गुंठे जमिनीचे पैसे पाच जणांनी दिले, समुद्र न दिसण्याचा तोटा दररोज त्यांनी सोसायचा, खोल्यांत उडून येणारी वाळू त्यांनी झाडायची. आणि रक्षण होणार ते त्यांच्यासकट मागच्या सगळ्या आळीचे, जिने यासाठी एक रुपया दिलेला नाही. तोटा एकाच्या दारात रोजचा आणि ठरलेला, लाभ अनेकांचा आणि वर्षानुवर्षांनी एखाद्या दिवशी.

हाच वाद अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता. न्यू जर्सी राज्यातल्या हार्वी सीडर्स या किनारी वसाहतीने संरक्षणासाठी २२ फूट उंचीची वाळूची टेकडी उभारायला एका वृद्ध दांपत्याच्या जमिनीच्या पट्ट्यावर हक्क घेतला. घरातून दिसणारा समुद्र झाकला गेला म्हणून ज्यूरीने त्यांना ३,७५,००० डॉलर भरपाई ठरवली. टेकडीमुळे घराला मिळालेले संरक्षण हिशेबात धरूच दिले गेले नव्हते, कारण तो लाभ सर्वांचा, त्यांच्या एकट्याचा नव्हे, असा जुना नियम होता. खटला वरच्या न्यायालयात असतानाच ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळ त्या किनाऱ्यावर आदळले. जुलै २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि सांगितले की लाभ शेजाऱ्यांनाही मिळतो एवढ्यावरून तो वगळता येणार नाही. मोजता येण्याजोगा असेल तर तो तोट्यातून वजा झाला पाहिजे. शेवटी प्रकरण १ डॉलरवर मिटले.

मी ही हकिगत बैठकीत सांगितली तेव्हा व्यापाऱ्यांनी नेमके बोट ठेवले : "तिथे टेकडी सरकारने बांधली, इथे आमची आम्ही राखायची." हे खरे आहे. नेदरलँड्समध्येही १९५३ च्या पुरात अठराशेहून अधिक माणसे गेल्यानंतर किनारा राखणे ही देशाची जबाबदारी ठरली, आणि तो देश दरवर्षी साधारण १ कोटी २० लाख घनमीटर वाळू समुद्रतळातून उचलून किनाऱ्यावर टाकतो. आपल्याकडे समुद्र ती वाळू फुकट आणून देतो. निदान खाडीतला रेती उपसा आणि नद्यांवरची धरणे जोपर्यंत येऊ देतात तोपर्यंत. धरणांचा उल्लेख मी जन्मभर धरणांची नोकरी करून करतो आहे, याची मला जाणीव आहे. टेकडीऐवजी काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा मागावा, असा पर्यायही निघाला होता. त्याने मागची जमीन वाचते, पण आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते, पुढची पुळण उतरते आणि बंधारा जिथे संपतो त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याची धूप वाढते. पर्यटकांना पुळण हवी असणाऱ्या धंद्याने तो मागणे मला तरी समजले नाही.

तोडगा

जानेवारी २०२१ मध्ये गंगापूर रोडवर डॉक्टरांच्या घरी झालेल्या बैठकीत व्यापाऱ्यांनी आपला हिस्सा काढून घेतला. चौघांनी तो त्यांना सहा गुंठ्यांचाही पूर्ण भाव धरून दिला. माझ्या मते ते न्याय्य झाले.

राहिलेल्या चौघांनी बेत बदलला. भरतीरेषा टेकडीच्या पायथ्यापासून सुमारे १५ मीटरवर असल्यामुळे २०० मीटर सोडल्यावर वाडीच्या मागच्या बाजूला ८५ मीटर लांबीचा, म्हणजे २५ गुंठ्यांचा तुकडा उरत होता. बांधकाम तेथे, तेही ९ मीटर उंचीच्या आणि दोन मजल्यांच्या मर्यादेत, रीतसर परवानगी मागून. टेकडीची उंची ४ मीटर आणि वरच्या मजल्यावर बसलेल्या माणसाची नजर साडेचार मीटरच्या आसपास, त्यामुळे टेकडी उतरवण्यापेक्षा बसणाऱ्याला वर चढवावे असे ठरले : जेवणघर खाली आणि पडवी वर. क्षितिज नेहमी नजरेच्या उंचीलाच असते, म्हणून माडांच्या खोडांमधून समुद्राची पट्टी तेथून दिसणार. खालून दिसणार नाही, आणि तेवढा तोटा चौघांनी मान्य केला.

पुळणीवर जायला टेकडीवरून लाकडी पायवाट केली, तीही वाळूपासून वर उचललेली आणि तिरकी. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला सरळ तोंड दिलेली वाट दोन पावसाळ्यांत घळ होते. लाकूड खाऱ्या हवेत लवकर कुजते आणि दर दोन वर्षांनी फळ्या बदलाव्या लागतील, हा चालू खर्च वहीत लिहिला गेला. पडलेल्या सुरूंच्या जागी सुरू न लावता पावसाच्या तोंडाला मर्यादवेलीची छाटे आणि निगडी लावली.

नानांनी टेकडीच्या पायथ्यापासून मागे वाडीपर्यंत ओळीने सात बांबू रोवले आणि त्यांवर रंगाने खुणा केल्या. त्याला ते 'आपला दुतोंड्या' म्हणतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर जात गुजरातकडे गेले, तेव्हा पायथा पहिल्या बांबूच्या मागे सरकला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गेलेल्यापैकी साधारण निम्मे परत आले. त्यानंतरच्या दरवर्षीच्या मोजणीत पायथा थोडा मागे आणि टेकडीचा मागचा उतारही थोडा मागे, असे दिसते आहे. टेकडी झिजते आहे असे नाही. ती जमिनीकडे चालते आहे. तिला चालू दिले तर ती उंची राखील, पण तिच्या वाटेत माडांची पहिली ओळ आहे, अकरा झाडांची, आणि त्या ओळीला धरून भावांना चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घालायचा आहे. गडगा घातला तर पुढून समुद्र आणि मागून चिरे अशी टेकडी दोन्हीकडून दाबली जाईल. डॉक्टर आणि नाना ओळ सोडून द्यायला तयार आहेत. मते दोन विरुद्ध दोन आहेत आणि पाचवा भागीदार आता नाही. पुढची बैठक द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकल्यावर ठरली आहे.